प्रशिक्षण घेणाऱ्या सुपरहीरोंची पहिली खरी लढाई कोकणच्या किनाऱ्यावर कशी लिहावी?

आपण लिहिले आहे की, आपल्या कथेत विजयदुर्गाजवळच्या एका गुप्त शाळेत पाच मुले अतिमानवी शक्ती वापरायला शिकत आहेत, पौर्णिमेच्या मध्यरात्री शत्रूची नौका किल्ल्याच्या पायथ्याशी लागते, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवर त्यांची पहिली खरी चकमक होते, आणि ज्यांनी मसुदा वाचला त्या सर्वांना ती सरावाच्याच आणखी एका तासासारखी वाटली. हे असे का होते, असा आपला प्रश्न आहे. मी देवगड तालुक्यात वाढलो, आणि गेली काही वर्षे शाळेतल्या मुलांच्या हस्तलिखितासाठी याच प्रकारच्या कथा तपासतो आहे. (दरवर्षी निदान तिघेजण जग वाचवतात, आणि तेही सहामाही परीक्षेच्या आत.) त्या अनुभवावरून लिहितो.

सराव आणि लढाई यांतला फरक धोक्याचा आहे असे आपण धरून चालला आहात, म्हणून लढाईत आपण स्फोट वाढवले, रक्त दाखवले, शत्रूला अक्राळविक्राळ केले. माझ्या मते खरा फरक शिट्टीचा आहे. सरावात कोणीतरी काठावर शिट्टी घेऊन उभा असतो, आणि मुलगा दमला, घसरला, चुकला की ती वाजते. ‘आता पुरे’ हे ठरवण्याचे काम मुलांना कधी करावेच लागलेले नसते. पहिल्या लढाईत ती शिट्टी नसते. मारायचे कसे हे त्यांना पाठ असते, पण मागे केव्हा फिरायचे आणि ते कोणी सांगायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. अमेरिकेत १९६३ साली एक्स-मेन या अतिमानवी विद्यार्थ्यांच्या चित्रकथेचा पहिला अंक निघाला तेव्हापासून ही मांडणी चालत आली आहे. गुरूच्या घरातल्या कसरती, नव्याने दाखल होणारी विद्यार्थिनी, आणि त्याच अंकात क्षेपणास्त्रतळ बळकावून बसलेल्या मॅग्नेटो या खलनायकाशी सामना, हे सगळे त्यात आहे. एका अंकात पाच पात्रांची ओळख करून द्यायची म्हणजे घाई होणारच. आपल्याला तशी घाई नाही.

एक प्रसंग सांगतो. मी एकोणीस वर्षांचा असताना नारळी पौर्णिमेनंतर मामांच्या होडीवर पहिल्यांदा खलाशी म्हणून गेलो. त्याआधी दोन महिने मी बंदरावर गाठी मारण्याचा सराव केला होता आणि डोळे मिटूनही मला गाठ मारता येत असे. त्या दिवशी दुपारनंतर वारा फिरला, जाळे पाण्याखालच्या खडकात अडकले आणि होडी एका अंगावर झुकू लागली. दोराचे टोक माझ्या हातात देऊन कोणीतरी ‘बांध’ म्हणाले. मी बांधले. गाठ अगदी निर्दोष होती, फक्त ती मी गोड्या पाण्याच्या पिंपाच्या कडीला मारली होती, आणि दोर ताणला गेला तेव्हा ते पिंप माझ्या पायांवरून घसरत काठाला जाऊन आदळले. तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचा प्रमुख, माझ्यावर ओरडलासुद्धा नाही. त्याने जाळ्याकडे एकदाही पाहिले नाही; कोण कुठे बसले आहे ते पाहून त्याने माणसे मोजली आणि म्हणाला, “काप तां जाळां.” जाळे नवे होते, कर्जावर घेतलेले होते, आणि त्याचे मालक असलेले आमचे मामा तिथेच सुकाणूपाशी उभे होते. त्यांनीच सुरी काढली.

आपल्या कथेत मला हे दोन्ही क्षण हवे आहेत. पहिला म्हणजे शिकलेली गोष्ट बिनचूक, पण भलत्याच जागी केली जाणे. पाणी वळवणाऱ्या आपल्या मुलाने शाळेच्या विहिरीवर जे केले तेच तो खाडीच्या मुखाशी करील, आणि तिथे नदीचा उतार व समुद्राची ओढ एकमेकांना भिडत असल्यामुळे पाणी त्याच्याच मित्राच्या अंगावर जाईल. दूरचे ऐकणारी मुलगी सड्यावरच्या, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावरच्या, शांततेत तयार झाली आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे किनाऱ्यावरची कुजबुज शत्रूच्या नौकेपर्यंत जाते आणि नौकेचा आवाज मात्र तिच्यापर्यंत नीट येत नाही. ती घाबरली आहे म्हणून तिला ऐकू येत नाही असे आपण लिहिले आहे. त्याऐवजी वाऱ्याला दोष द्यावा, आणि भीती ही वारा ओळखू न आल्यामुळे वाटलेली असावी.

पाचही मुले एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभी राहतात, ते चित्र मुखपृष्ठावर शोभेल. पण आपण जागा विजयदुर्गाची निवडली आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी या किल्ल्यावर हल्ला केला तेव्हा आंग्र्यांच्या एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरत जाऊन सगळे आरमार जळाले. तिथल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना ही गोष्ट माहीत असणारच, आणि तरीही पहिल्या धक्क्याला ती एकमेकांना चिकटून उभी राहतील, कारण एकोणीस वर्षांचा माणूस आधी सोबत शोधतो. ती चिकटलेली आहेत हे त्यांच्यातल्या एकीच्या लक्षात यावे, आणि ती ऐकणारी मुलगी असावी. सर्वांत बलवान मुलाला आपण नायक केले आहे, ते मला पटले नाही. ज्याच्या हाताला काम आहे तो माणसे मोजू शकत नाही.

आता वेळेचा मुद्दा, कारण किनाऱ्यावरचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल. पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटी नसते. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मध्यरात्रीच्या आधीच पाणी पुरते चढलेले असते आणि आपले खडक त्याखाली बुडालेले असतात. अष्टमीला मध्यरात्री ओहोटी मिळेल, पण ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान ओहोटी. पाणी फारसे हटत नाही. म्हणून पौर्णिमा तशीच ठेवावी आणि लढाई सरत्या रात्री, साडेपाचच्या सुमारास आणावी. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती जितकी चढते तितकीच तिची ओहोटी खोल जाते, खडक लांबवर उघडे पडतात, चंद्र पश्चिमेला समुद्रावर टेकत असतो आणि पूर्वेला उजाडायचे असते.

शिवाय त्या वेळी खडकांवर शत्रू आणि मुले एवढेच असणार नाहीत. अशा ओहोटीला कालवे, म्हणजे खडकांना चिकटलेले खाण्याचे शिंपले, काढायला बायका टोपली आणि लहानसे लोखंडी हत्यार घेऊन उतरतात, आणि पाणी कधी फिरते हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. मुलांची पहिली अडचण शत्रूच्या आधी त्यांच्यापैकी एखादी काकू ठरू शकते, जी पाठ न वळवता म्हणेल की, अर्धी टोपली झाली आहे, ती भरल्याशिवाय मी काही हलणार नाही. लोखंड खेचणाऱ्या मुलाने शक्ती वापरायला हात उचलावा आणि सगळ्यांत आधी तिचेच हत्यार तिच्या हातातून निसटावे.

दुसरा क्षण, म्हणजे हातचे कापून टाकण्याचा, शेवटी पाणी फिरते तेव्हाचा. पहिल्या तासात ते जेमतेम चढते, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने. शत्रू खडकांवरून मागे सरतो आहे, चार मुले विजयाच्या भरात त्याच्या मागे पुढे पुढे चालली आहेत, आणि पाचवीला पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट ऐकू येते: त्यांच्या पाठीमागच्या खाचांत पाणी शिरू लागल्याचा आवाज. मागे फिरायला तिनेच सांगायचे आहे, आणि त्यासाठी जवळजवळ हाती आलेले काहीतरी तिथेच टाकून यायचे आहे. आमच्या मामांनी त्या जाळ्याचे हप्ते पुढे दोन वर्षे फेडले. आपल्या मुलांनी काय कापून टाकले, ते मसुद्यात अजून आलेले नाही.