पांढरी पेलेट फेकू नकोस

सोलापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा हुतात्मा एक्स्प्रेस गाठायच्या घाईत तू मॅग्नेशिया आणि यट्रिया (मॅग्नेशियम व यट्रियमची ऑक्साइडं) यांची पावडर दाबून-भाजून केलेल्या तीन पेलेट, म्हणजे चकत्या, माझ्या टेबलावर ठेवल्यास आणि दारातूनच विचारलंस, "सर, एसपीएस चांगलं की हॉट प्रेस?" दोन्ही पावडर दाबाखाली तापवून घट्ट करायच्या पद्धती; एसपीएस, म्हणजे स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग, साच्यातून वीज सोडून झटपट तापवते. तेवढ्यात रिक्षा आली.

आधी त्या पांढरट पेलेटचं बोलू. ती तू नापास म्हणून बाजूला सारलीस. अरे, मॅग्नेशिया आणि यट्रिया यांचे अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) वेगळे, साधारण 1.7 आणि 1.9. डोळ्याला दिसणारा प्रकाश दोघांच्या प्रत्येक सीमेवर विखुरतो, त्यामुळे ती दुधाळ दिसते. तुला मात्र खिडकी हवी आहे 3 ते 5 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशासाठी. ग्रेन, म्हणजे आतले स्फटिककण, 200 नॅनोमीटरच्या आत असतील, तर एवढ्या लांब तरंगांना त्यांची फारशी अडचण होत नाही. ट्यूबलाइटसमोर धरून निकाल लावू नकोस, एफटीआयआर काढ, म्हणजे अवरक्त प्रकाश किती आरपार जातो ते यंत्रावर मोज.

एसपीएसवाली काळपट आली आहे. मिनिटाला 100 अंशांनी तापवता येतं, ग्रेनना वाढायला सवडच मिळत नाही, म्हणून मला ती पद्धत आवडते. पण साचा ग्राफाइटचा, कार्बन आत शिरतो. हवेत पुन्हा भाजलीस तर काळेपणा कमी होईल. मात्र बंद छिद्रांत अडकलेल्या कार्बनचा वायू होऊन पेलेट ढगाळही होऊ शकते. हॉट प्रेसमध्ये साचा बहुधा तोच, फक्त काम संथ, त्यामुळे ग्रेन वाढतात.

मला विचारशील तर निर्वात भट्टीत 96-97 टक्के घनता गाठ आणि मग हिपला, म्हणजे तापलेल्या वायूच्या प्रचंड दाबाखाली दाबणाऱ्या यंत्राला, दे. तिथे आर्गॉन चहूबाजूंनी दाबतो, साचा लागत नाही, घुमटाचा आकारही जमतो. (मे महिन्यात सोलापुरात निर्वात भट्टी थंड ठेवायची म्हणजे काय, ते भेटीत सांगेन.)

एकदा मी घाई केली. घनता नव्वदच्या आसपास असतानाच पेलेट एका ठिकाणी हिपला पाठवल्या. पैसे भरले, महिनाभर वाट पाहिली, डबा उघडला तर जशाच्या तशा! छिद्रं पृष्ठभागापर्यंत उघडी होती. वायू आत जाऊन बसला, दाब आतूनही तेवढाच आणि बाहेरूनही तेवढाच.

म्हणून हिपआधी कोरडं वजन घे. मग पेलेट पाण्यात उकळ, गार होऊ दे, ओल्या कापडानं वरचं पाणी टिप आणि पुन्हा तोल. वजन वाढलं तर छिद्रं अजून उघडी आहेत. पुढच्या खेपेला दोन्ही वजनं घेऊन ये. शेंगाचटणी बांधून ठेवतो.

तुझा,
सर