लेटेकमध्ये प्रमेयाचा उल्लेख क्रमांकाऐवजी नावाने कसा करावा?

तुमची अडचण अशी, की लेटेक या दस्तऐवज मांडणीच्या प्रणालीत ‘रेफ’ ही क्रमांक आणणारी कमांड दिल्यावर ‘३.२’ एवढाच आकडा उमटतो आणि तुम्हाला तिथे ‘पायथागोरसचे प्रमेय’ हे नाव हवंय. त्यासाठी ‘नेमरेफ’ ही कमांड आहे. ‘हायपररेफ’ हे दुवे तयार करणारं पॅकेज (जादा सोयींचा संच) घेतलं असेल तर ती आपोआप मिळते, नसेल तर ‘नेमरेफ’ हे पॅकेज एकटंही घेता येतं.

प्रमेय सुरू करताना ‘बिगिन’च्या ओळीतच चौकटी कंसात नाव लिहा आणि लेबल, म्हणजे उल्लेखासाठी दिलेली खूण, लगेच त्यापुढे, प्रमेयाच्या आत ठेवा. लेबलची जागा फार महत्त्वाची. ते ‘एंड’च्या खाली गेलं, की प्रमेयाऐवजी त्या विभागाचं शीर्षक छापलं जातं. प्रबंध लिहिताना माझी अख्खी संध्याकाळ यात गेली होती, कारण एरर येतच नाही. पान नीट दिसतं, फक्त नाव भलतंच असतं.

पॅकेजेस आधी प्रमेयांसाठीचं ‘अ‍ॅम्सथीएम’, मग ‘हायपररेफ’ आणि क्रमांकासोबत प्रकारही छापणारं ‘क्लेवररेफ’ हवं असेल तर ते त्याच्याही नंतर, या क्रमाने घ्या. पहिल्या कंपाइलला नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील, पुन्हा कंपाइल केलं की जातात. ‘क्लेवररेफ’मध्ये ‘नेमसीरेफ’ नावाचीही कमांड आहे, पण ती ‘प्रमेय’, ‘उपप्रमेय’ असा प्रकार सांगते, शीर्षक नाही.

छापील प्रतीत नुसत्या नावावरून प्रमेय शोधणं कठीण जातं. म्हणून मी ‘न्यूकमांड’ने स्वतःची एक छोटी कमांड करून ठेवली आहे: आधी नेमरेफ, पुढे कंसात रेफ. एकच लेबल दिलं की नाव आणि क्रमांक दोन्ही येतात.

लेखन मराठीत असेल तर खरी पंचाईत विभक्तीची होते. नेमरेफ नाव जसंच्या तसं आणतं, पण वाक्यात आपल्याला ‘पायथागोरसच्या प्रमेयावरून’ हवं असतं. पुढे ‘वरून’ जोडून भागत नाही, दोन्ही शब्दांची रूपं बदलतात. शक्य तिथे मी वाक्यच फिरवतो: ‘येथे पायथागोरसचे प्रमेय वापरू’. जमलं नाही तर ‘हायपररेफ’ याच नावाची कमांड घ्यायची, चौकटी कंसात लेबल द्यायचं आणि महिरपी कंसात हवं ते रूप हाताने लिहायचं. दुवा बरोबर प्रमेयाकडेच जातो. मात्र पुढे शीर्षक बदललं तर ही रूपं आपोआप बदलणार नाहीत. फाइलमध्ये ते लेबल शोधून एकेक जागा दुरुस्त करावी लागेल.