सोलापूरसारख्या छोट्या विद्यापीठात शिकून खरोखर संशोधन करता येते का?

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी माढा तालुक्यातील आहे, तिने बी.एस्सी. पूर्ण केले आहे आणि तिला भूशास्त्रात एम.एस्सी. करावयाचे आहे. मैत्रिणी पुण्याला निघाल्या आहेत, घरच्यांचा कल सोलापूरकडे आहे, आणि तिला जाणून घ्यायचे आहे की लहान विद्यापीठात संशोधन होते की नुसती पदवी हाती पडते, आणि वर्गाबाहेरचे जीवन कसे असते. मी याच विषयात सोलापूरला एम.एस्सी. केले असून आजही भूजलाच्याच कामात आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो.

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. त्याचे कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्याचे आहे, आणि ‘एका जिल्ह्याचे विद्यापीठ’ हे शब्द आमच्याकडे बहुधा नाक मुरडूनच उच्चारले जातात. मला मात्र भूशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी हीच गोष्ट सोयीची वाटते. उजनीच्या कालव्याखाली वर्षानुवर्षे ऊस पिकवून चोपण, म्हणजे क्षार साचून नापीक, झालेली काळी जमीन एका बाजूला आणि पावसाची वाट पाहत डाळिंब जगवणारा सांगोला दुसऱ्या बाजूला, असे दोन टोकांचे प्रदेश एकाच जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत सापडतात, आणि दोन्हीकडे खाली दगड मात्र एकच, बेसॉल्ट. पाणी कुठे मुरते, कुठे अडते आणि कुठे खारावते, हे पाहण्यासाठी सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून करणाऱ्या विद्यार्थ्याला या सोयीची किंमत लवकर कळते.

माझा प्रकल्प अक्कलकोट तालुक्यातील विहिरींवर होता. एकूण बत्तीस विहिरी निवडल्या होत्या. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये प्रत्येक विहिरीची पाणीपातळी मोजायची, एक लिटरची बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून नमुना भरायचा, विहिरीत दिसणारे थर, म्हणजे वरची माती, मुरूम, मग फटी असलेला खडक आणि तळाचा काळा पाषाण, फुटांत लिहून काढायचे, असे कामाचे स्वरूप होते. मे महिन्याचा तक्ता मी मोठ्या अभिमानाने मार्गदर्शकांपुढे ठेवला. त्यांनी तो ओळीओळीने वाचला आणि शांतपणे विचारले की या दोन विहिरींचे पाणी विहिरीच्या तळापेक्षाही खाली कसे गेले. झाले असे होते की टेप मी कठड्यावरून सोडला होता, कठड्याची उंची वजा केली नव्हती, आणि विहिरीची खोली मात्र शेतकऱ्याने जमिनीपासून सांगितली होती. कठडा कुठे दोन फूट होता, कुठे साडेतीन, त्यामुळे सगळ्याच आकड्यांतून एक ठरावीक संख्या वजा करून सुटका होणार नव्हती. मी भर उन्हात तीन दिवस पुन्हा फिरून कठडे मोजले.

हा प्रसंग सविस्तर सांगण्याचे कारण असे की वर्गात साठ विद्यार्थी असते तर तो तक्ता तसाच बांधणीला गेला असता, मला बरे गुण मिळाले असते आणि मी आजही कठड्यावरून टेप सोडत राहिलो असतो. आम्ही मोजकेच होतो. लहान विभागात चुका लपत नाहीत आणि उपकरणासमोर बसण्याची पाळी लवकर येते. संशोधनाचे प्राथमिक शिक्षण म्हणजे मुख्यतः एवढेच असते, असे माझे मत आहे.

भाषेचा मुद्दा पुस्तकांत येत नाही, पण सोलापुरात तो टळत नाही. सीमेलगतच्या गावांत वयस्क शेतकरी माझ्याशी मराठीत दोन वाक्ये बोलत आणि थांबत. सोबतच्या मित्राची मातृभाषा कन्नड होती. त्याने ‘बावी’ आणि ‘नीरू’ या शब्दांनी सुरुवात केली की कोणत्या वर्षी विहीर आटली, कोणी आडवे बोअर मारले, शेजारच्या बोअरने कोणाचे पाणी ओढले, हा सगळा इतिहास बाहेर पडे. त्याच वर्गात घरी तेलुगू बोलणारी, पूर्व भागातील विणकर कुटुंबातील एक मुलगी होती आणि उर्दू बोलणारे दोघे होते. डबा उघडला की कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांवर मात्र सर्वांचे एकमत असे.

आता उणिवा. त्या कोणत्याही लहान विद्यापीठात असतात. ऐच्छिक विषयांची निवड मर्यादित असते, महागड्या उपकरणांसाठी नमुने बाहेर पाठवून वाट पाहावी लागते, बाहेरचे नामवंत अभ्यासक आठवड्याला येत नाहीत, आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे तुमच्याशी कडाडून वाद घालणारे सहाध्यायी थोडे असतात. नेट किंवा सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांची तयारी बहुतांशी आपल्या हिमतीवर करावी लागते. पुण्यात हे सारे आपोआप कानावर पडते, येथे शोधत जावे लागते. तुम्ही स्वभावाने संकोची असाल आणि न विचारता मिळेल तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या असाल, तर पुणे अधिक बरे, हे मी स्पष्टपणे सांगेन.

वर्गाबाहेरच्या जीवनाविषयी फार अपेक्षा ठेवू नका. विद्यापीठ शहराबाहेर, पुणे रस्त्यावर केगावला आहे, जाऊन-येऊन शिकणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि संध्याकाळच्या बसनंतर परिसर शांत होतो. वसतिगृहात राहिलात तर ती शांतता अभ्यासाला उपयोगी पडते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते. त्या दिवसांत अभ्यास होत नाही आणि होऊही नये. थंडीत कोणाच्या तरी शेतावर हुरडा ठरलेला असतो. माझ्या बाबतीत मैत्री जमली ती मुख्यतः एसटीत आणि विहिरींच्या काठावर.

भूशास्त्राबाहेरचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ मधील मराठी शिलालेख आहे. तो सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत ज्याची गणना होते, ती शिळा विद्यापीठापासून एका दिवसात पाहून येण्यासारखी आहे. जवळचे म्हणून किरकोळ समजण्याची आपली सवय किती महागात पडते, हे मला तेथे उभे राहून जाणवले.

प्रवेशाचा निर्णय करण्यापूर्वी दोन कामे करा. पहिले, ‘शोधगंगा’ या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर सोलापूर विद्यापीठाचे आणि पुण्याचे भूशास्त्रातील प्रबंध काढून पाहा, कोणत्या मार्गदर्शकाकडे कोणते विषय झाले ते लिहून घ्या आणि त्यांपैकी एका प्रबंधातील क्षेत्रकार्याचे प्रकरण पूर्ण वाचा. दुसरे, कामकाजाच्या दिवशी दुपारी विभागात जा. आता एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी संशोधन पद्धती आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प अभ्यासक्रमातच आहेत, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला तिची क्षेत्रवही दाखवायला सांगा. वहीवर मातीचे डाग असतील, खाडाखोड असेल आणि मार्गदर्शकांच्या हाताने समासात काही लिहिलेले असेल, तर घरच्यांचे म्हणणे ऐकायला हरकत नाही.