ट्रकचं इंजिन बदललं, जुनी वायरिंग आणि डिझेलचे पाईप तेच ठेवले तर चालतील का?

वायरिंग धड असेल तर ठेवा, पण डिझेलचे रबरी पाईप आणि बँजो बोल्टचे (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट, त्यातूनच डिझेल जातं) तांब्याचे वायसर नवेच टाका. सोलापूरच्या उन्हात रबर कडक होऊन तडकतं. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) ही ओढीची बाजू, तिथे बारीक चीर पडली की डिझेल बाहेर गळेलच असं नाही, पाईप हवा ओढतो. बाहेरून सगळं कोरडं, आणि सकाळी गाडी सुरू होऊन मिनिटात बंद! गॅरेजात इंजिन बदललेल्या गाड्यांची ही तक्रार नेहमीची. फीड पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा, बुडबुडे लगेच दिसतात. वायरिंगमध्ये इंजिन ते चासी अर्थची पट्टी तेवढी विसरू नका, दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून आवळा. ती राहिली तर सेल्फ मारताना करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो आणि केबल तापून जळते. हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाचं. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजेक्शन) असेल तर हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याच इंजिनाचे लागतात, तिथे जुगाड नाही. आणि चालू इंजिनावर हाय प्रेशर पाईपचा नट सैल करून एअर काढायला जाऊ नका, डिझेलची ती धार कातडी फोडून आत शिरते.