‘मी एकटीच आलो’ : आईचं मराठी चुकीचं होतं का?

विचारणा अशी आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका ताईंची आई गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं घरात ठरलंय. ताईंनी आईची वाक्यं तिच्या तोंडची होती तशीच उतरवली : ‘दूध घालून येतो गे, चुलीवरचं बघ.’ ‘दमलो बाई आज.’ पुण्यात राहणारा भाऊ म्हणतो, ‘येते’, ‘दमले’ असं दुरुस्त कर, लोक हसतील. मामांचं म्हणणं तिसरंच. वडील लवकर वारले, घरात ही थोरली, कुरीला (पेरणीच्या पाभरीला) बैलं हिनंच जुंपली, गड्यासारखी शेतात वाढली म्हणून बोलणंही गड्यासारखं झालं. तर खरं काय, आणि छापायचं काय?

मामांची गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती खरी नव्हे. ताई, तुमच्या मावश्यांना विचारा, आजीचं बोलणं आठवून बघा. ज्यांनी कधी बैलाच्या कासऱ्याला हात लावला नाही त्यासुद्धा ‘मी येतो’च म्हणत असणार. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडं चंदगड, गडहिंग्लज, कागल, थेट कोल्हापूर शहरापर्यंत बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. शिकलेल्या, न शिकलेल्या, शेतातल्या, पेठेतल्या. तुमच्या आईनं बैलं हाकली हे तिचं मोठेपण आहेच, त्याला क्रियापदाची साक्ष लागत नाही.

आता मुद्द्याचं. ती पुरुषासारखी बोलत होती, हेच मुळात चूक आहे. माझी आई खानापूर तालुक्यातली, भातशेतीतली. सुगीत खळ्यावर सुपानं वारं देताना तिच्या केसांत, भुवयांत कोंडा बसायचा. पदरानं तोंड पुसत ती म्हणायची, ‘मी म्हातारी झालो की गे आता.’ हे वाक्य नीट बघा. ‘म्हातारी’ स्त्रीलिंगी, ‘झालो’ मात्र शाळेच्या व्याकरणात पुल्लिंगी. पुरुषासारखं बोलायचं असतं तर ‘म्हातारा झालो’ म्हणाली असती! बाजारातून परत आली की ‘मी एकटीच आलो’ म्हणायची, ‘एकटाच’ कधीच नाही. आपण बाई आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त ‘मी’बरोबरच्या क्रियापदावर ते सांगायची तिच्या बोलीत पद्धतच नव्हती. म्हणजे तिच्या तोंडचा ‘येतो’ पुल्लिंगी नव्हताच. तो ‘मी’चा होता, बाप्याचाही आणि बाईचाही.

प्रमाण मराठीलाही हे अगदीच परकं नाही. ‘मी उद्या येईन’ हे बाई म्हणाली की बाप्या, कळतं का? ‘मी येऊ का?’ यातही नाही. प्रमाण भाषा ‘येतो/येते’, ‘गेलो/गेले’ इथं भेद करते, आमची बोली इथंही करत नाही, एवढंच.

का करत नाही? मला सर्वांत पटणारं कारण म्हणजे कन्नडचा शेजार. कन्नडमध्ये तो येतो ‘अवनु बरुत्ताने’, ती येते ‘अवळु बरुत्ताळे’. पण मी येतो आणि मी येते, दोन्हीला एकच ‘नानु बरुत्तेने’. आमच्याकडं बघा : ‘तो येतो’, ‘ती येती’, आणि ‘मी येतो’ सगळ्यांना. माझ्या आईचं वाक्य कन्नडमध्ये ठेवलं तर ‘नानु मुदुकी आदे’. मुदुकी म्हणजे म्हातारी, आणि ‘आदे’ बाईलाही तेच, बाप्यालाही तेच. शब्दाला शब्द ठेवत गेलं तरी सांधा दिसत नाही. असं होतं हे काही नवल नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या कन्नड, मराठी आणि उर्दू बोलण्यावर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली लिहिलं, त्यातही हेच दिसलं होतं : शब्द तीन भाषांचे, पण वाक्यांचे सांगाडे इतके जवळ आलेले की एकातून दुसरीत जाताना शब्द बदलले की काम झालं.

एक गाठ मात्र राहते. कन्नडमध्ये ‘तू’बरोबरही लिंगभेद नसतो, आणि आम्ही मात्र पोरीला ‘कुठं गेलीवतीस गे?’ असंच विचारतो. म्हणजे कन्नडचं सगळंच काही उचललं नाही. ‘मी’पुरतं घेतलं, ‘तू’ आपलं ठेवलं. बोलीला एवढी निवड करता येते.

आणि हे 1956 नंतरचं, राज्यपुनर्रचनेत बेळगाव सीमेपलीकडं गेल्यामुळं झालेलं, असं कुणी म्हणालं तर त्याला कोल्हापूर दाखवा. ते कधीच कर्नाटकात नव्हतं, तरी तिथल्या बायका ‘येतो’च म्हणतात. राज्याची रेघ आखली त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्ही भाषा एकाच बांधावर नांदतात.

भावाच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. पुण्यातल्या एका वसतिगृहात पहिल्याच रात्री मी ‘मी जेवून आलो’ म्हटलं आणि खोलीतल्या दोघी पोट धरून हसल्या. आठ दिवसांत मी ‘आले’ शिकले. आता लिहिताना ‘लिहिते’ लिहिते, ते खरंच आपसूक येतं. पण फोनवर धाकट्या बहिणीशी बोलताना ‘ठेवतो गे’ म्हणूनच ठेवतो. बघा, तिचं नाव काढलं आणि इथंही ‘ठेवतो’च आलं. राहू दे.

तर छापायचं असं : निवेदन तुमचं, ते तुमच्या सवयीच्या मराठीत लिहा. अवतरणातलं बोलणं आईचं, त्याला हात लावू नका. ‘येतो गे’चं ‘येते गं’ केलंत तर त्या चुलीपाशी दुसरीच कुणी बाई उभी राहील. पहिल्या पानावर दोन ओळींची टीप टाका, ‘आमच्या भागात बायका असंच बोलतात’ एवढी पुरे. भावाचंही समाधान होईल.

‘सुगी’ हा शब्द पुस्तिकेत चालेल का, असंही ताईंनी जाता जाता विचारलंय : बिनधास्त वापरा. कापणी-मळणीचा हंगाम या अर्थानं तो शब्द मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही आहे, आणि कन्नडमध्ये ‘सुग्गी’ म्हणून रोज वापरात आहे.

छापखान्यातून आलेलं प्रूफ मात्र स्वतः वाचा. ‘एकटीच आलो’ बघून कुणीतरी चांगल्या मनानं ‘एकटीच आले’ करून ठेवलेलं असेल.