‘फायर सपोर्ट’ला ‘अग्नी-समर्थन’ म्हणावे का?

कारगिल युद्धावरचा लेख मराठीत आणताना एका वाचकाने विचारले आहे की ‘फायर सपोर्ट प्लॅनिंग’ला (चढाई करणाऱ्या पायदळाला तोफांची साथ कशी द्यायची हे आधी ठरवण्याला) ‘अग्नी-समर्थन नियोजन’ आणि ‘टार्गेटिंग’ला ‘लक्ष्यीकरण’ म्हटले तर चालेल का. माझ्या मते दोन्ही टाळावेत. आपल्याकडे त्याहून नेमके शब्द आहेत, आणि ते तोफखान्याच्या कामाशीही जुळतात.

आधी ‘समर्थन’ घेऊ. हिंदीत तो ‘पाठिंबा’ या अर्थाने सर्रास चालतो. मराठीत मात्र आपण मताचे समर्थन करतो, कृतीचे करतो, म्हणजे ती योग्य होती असे पटवून देतो. चढाई करणाऱ्या पायदळाला तोफा जे देतात ते समर्थन नव्हे, पाठबळ. ‘कुमक’ हा छान शब्दही इथे बसत नाही, कारण कुमक म्हणजे मागून येणारे जादा सैन्य. इथे माणसे येत नाहीत, गोळे येतात.

‘अग्नी’ची अडचण वेगळी आहे. मराठी कानाला अग्नी म्हटले की यज्ञ आठवतो, नाहीतर अग्निशमन दल. शस्त्राच्या ‘फायर’ला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘मारा’ म्हणत आलो: तोफांचा मारा, माऱ्याच्या टप्प्यात येणे. गंमत म्हणजे इंग्रजी ‘फायर’ आपण कधीच घरात घेतला आहे. बंदुकीची ‘फैर’ म्हणजे तोच शब्द. आता तर चर्चेच्याही फैरी झडतात. ‘भडिमार’ आणि ‘सरबत्ती’ प्रश्नांच्या वाट्याला गेले, आणि तोफेचा ‘गोलंदाज’ क्रिकेटच्या मैदानावर गेला. ‘मारा’ मात्र अजून रणांगणावर टिकून आहे, त्याला तिथेच राहू द्यावे. म्हणून ‘फायर सपोर्ट’ म्हणजे माऱ्याचे पाठबळ, आणि ‘प्लॅनिंग’ म्हणजे माऱ्याची आखणी.

‘टार्गेटिंग’चा प्रश्न अधिक खोल आहे. पुष्कळ भाषांतरांत ‘टार्गेट’ आणि ‘ऑब्जेक्टिव्ह’ या दोहोंना ‘लक्ष्य’ म्हटलेले दिसते, आणि तिथेच अर्थ बुडतो. कारगिलजवळच्या द्रासमधला पॉइंट 5140 हा डोंगरमाथा घ्या. 20 जून 1999 रोजी आपल्या सैन्याने तो परत घेतला. तो डोंगरमाथा हे पायदळाचे उद्दिष्ट होते, जे ताब्यात घ्यायचे ते. तोफांची लक्ष्ये निराळी: त्या माथ्यावरचे बंकर, मशीनगनच्या जागा, मागून रसद येण्याच्या वाटा. उद्दिष्ट एकच असते, लक्ष्ये अनेक. (‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’ यांतही घोटाळा करू नये. लक्ष द्यायचे असते, लक्ष्य भेदायचे असते.)

टार्गेटिंग म्हणजे नुसता नेम धरणेही नव्हे. नेम तोफेवरचा जवान धरतो. त्याआधी कशावर मारा करायचा, कोणत्या क्रमाने, कोणत्या शस्त्राने आणि कशासाठी, हे ठरवावे लागते. म्हणून मी ‘लक्ष्यनिश्चिती’ सुचवीन. त्यातला ‘कशासाठी’ सर्वांत महत्त्वाचा. बंकर उद्ध्वस्त करायचा आहे, काही काळ निकामी करायचा आहे, की आपले जवान कडा चढेपर्यंत आतल्यांना डोके वर काढू द्यायचे नाही? तिन्हींसाठी लागणारे गोळे आणि वेळ वेगवेगळे. तिसऱ्या प्रकाराला इंग्रजीत ‘सप्रेशन’ म्हणतात. त्यासाठी ‘दमन’ नको, ते जनतेचे केले जाते. ‘दाबून ठेवणे’ पुरेसे आहे.

माऱ्याच्या आखणीत वेळही येते. पायदळ जवळ पोचले की मारा पुढच्या लक्ष्यावर न्यावा लागतो, नाहीतर आपलेच गोळे आपल्या माणसांवर पडतील. त्यासाठी तोफखान्याचा अधिकारी पायदळाबरोबर चढतो आणि गोळा कुठे पडला ते पाहून रेडिओवरून दुरुस्ती सांगतो. त्याला ‘अग्रनिरीक्षक’ म्हणता येईल. लढाई सरकली आणि मारा सरकला नाही तर काय होते, हे पानिपतावर 1761 साली दिसले होते. अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे की मराठ्यांच्या अवजड तोफांचा रोख सहज बदलत नसल्याने गोळे लवकरच शत्रूच्या डोक्यावरून जाऊन मैलभर मागे पडू लागले.

कारगिलमध्ये उलट घडले, तोफांचा रोख लक्ष्यावर राहिला. बोफोर्सच्या 155 मिलिमीटर तोफांनी समोर दिसणाऱ्या बंकरांवर थेट माराही केला. 2022 साली पॉइंट 5140 ला ‘गन हिल’ हे नाव देण्यात आले ते तोफखान्याच्याच सन्मानार्थ.

वाचकाने पाठवलेले वाक्य असे होते: ‘अग्नी-समर्थन नियोजनात लक्ष्यीकरण निर्णायक ठरले.’ मी ते असे लिहीन: ‘पायदळाला माऱ्याचे पाठबळ कसे द्यायचे याची आखणी करताना लक्ष्ये अचूक ठरवली, तेच निर्णायक ठरले.’