ॲल्युमिनियमला 'पाणी देणं' की 'मुरवणं'?

प्रश्न असा आला आहे: ६०६३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पट्टीवरचा एक लेख मराठीत आणताना 'क्रायोरोलिंग'ला (धातू अतिथंड करून लाटण्याला) 'शीत लाटण' आणि नंतरच्या 'एजिंग'ला (धातू ठेवून देऊन कडक होऊ देण्याला) 'पाणी देणं' म्हटलं तर चालेल का?

दोन्ही शब्द कानाला अस्सल लागतात, पण इथे दोन्ही वापरू नयेत असं माझं मत आहे.

आधी 'पाणी देणं'. लोहार विळ्याचं पातं लालभडक तापवतो, पाण्यात बुडवतो, चर्र आवाज होतो आणि पातं तिथल्या तिथे टणक होतं. तलवारीला पाणी देतात तेही असंच. ॲल्युमिनियमचं मात्र उलटं आहे. ६०६३ची पट्टी सुमारे ५२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातले मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू ॲल्युमिनियममध्ये विरघळतात. लगेच पाण्यात टाकली की त्यांना वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. पण पाण्यातून निघालेली ही पट्टी मऊ असते, सहज वाकते. कडकपणा येतो तो मागाहून, हे अडकून पडलेले अणू हळूहळू एकत्र येऊन त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके बनतात तेव्हा. धातू वाकताना अणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात; हे पुंजके त्या सरकण्याला अडसर होतात.

विमानांच्या कारखान्यात हे अगदी डोळ्यांसमोर दिसतं. २०२४ या मिश्रधातूचे रिव्हेट पाण्यातून काढले की थेट फ्रीझरमध्ये ठेवतात. बाहेर काढल्यावर ते काही मिनिटांतच ठोकावे लागतात. तसेच टेबलावर राहिले तर खोलीच्या उबेतच कडक होत जातात आणि ठोकताना तडकतात. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ साली हेच आढळलं: तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम तापवून झटकन गार केलं आणि नुसतं ठेवून दिलं, तर दोन-चार दिवसांत ते आपोआप कडक झालं. त्यातूनच ड्युराल्युमिन आलं.

नुसतं ठेवल्याने आतून गुण येणं, याला मराठीत शब्द आहे: मुरणं. लोणचं मुरतं, आणि गवईसुद्धा मुरलेला असतो. 'वार्धक्य' किंवा 'जीर्णन' असे शब्द मी मुळीच घेणार नाही, कारण त्यांतून झीज सुचते आणि इथे तर बळ वाढतं. शिवाय 'मुरणं' घेतलं की मराठीचं प्रयोजक रूप फुकट हाती येतं. खोलीच्या तापमानाला आपोआप होतं ते मुरणं, भट्टीत ठेवून घडवतात ते मुरवणं. कारखान्यात ज्याला टी-४ म्हणतात तो मुरलेला माल आणि टी-६ तो मुरवलेला. ही जोडी मला फार आवडते. भट्टीत गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं तर पुंजके मोठे आणि विरळ होतात, माल पुन्हा नरम पडतो. त्याला 'जास्त मुरलं' म्हटलं की लगेच कळतं.

आता लाटण. 'रोलिंग'साठी 'लाटणं' उत्तमच. पण 'शीत लाटण' वाचलं की जाणकाराच्या मनात कोल्ड रोलिंग येतं, म्हणजे बाजारात आपण 'सीआर पत्रा' मागतो त्यातलं. ते साध्या, खोलीच्या तापमानालाच होतं. क्रायोरोलिंगमध्ये पट्टी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात, नायट्रोजनचं खळखळणं थांबेपर्यंत तशीच ठेवतात, मग लाटणाऱ्या रुळांमधून झटकन काढतात. प्रत्येक फेरीत जाडी थोडीच कमी करायची आणि पट्टी पुन्हा बुडवायची. ॲल्युमिनियम साध्या तापमानाला लाटलं तर लाटताना आतल्या अणूंच्या रचनेत झालेली मोडतोड ते बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतं. एवढ्या थंडीत ते जमत नाही, त्यामुळे मोडतोड आत साठत राहते, तीही थरांच्या सरकण्याला अडसर होते आणि ताकद वाढते. साधं पोलाद इतक्या थंडीत ठिसूळ होतं, ॲल्युमिनियम होत नाही, म्हणून हे शक्य होतं. तेव्हा 'अतिशीत लाटण' म्हणा, किंवा सरळ 'क्रायोरोलिंग' ठेवा.

एक बारकावा अनुवादात सुटू देऊ नका. अतिशीत लाटलेली पट्टी नेहमीच्या १७५ अंशांऐवजी साधारण १०० ते १२५ अंशांवर मुरवतात. साठलेल्या मोडतोडीमुळे पुंजके कमी उष्णतेतही बनतात आणि जास्त तापवलं तर लाटून कमावलेली ताकदच जाते. त्यामुळे मूळ लेखातल्या 'लो टेंपरेचर'चा अर्थ दर वेळी नीट पाहा. लाटणाबाबत तो उणे १९६ आहे आणि मुरवण्याबाबत उकळत्या पाण्याच्या आसपास किंवा थोडा वर.

वाक्य असं करता येईल: 'पट्टी तापवून पाण्यात झटकन गार केली, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून अतिशीत लाटली आणि मग मंद आचेच्या भट्टीत मुरवली.'